कुरळ्या केसांना घाबरू नकोस गं

अगं, कुरळ्या केसांची बाई दारातून आत आली की तुझ्या पोटात गोळा येतो, हे तू मला मोकळेपणी सांगितलंस ते फार बरं केलंस. बऱ्याच जणी सांगत नाहीत. त्या बाईच्या केसांत एकदा बोटं घालतात, कपाळाला आठी घालतात आणि म्हणतात, "ताई, केस फार रफ झालेत, स्मूदनिंग करून घ्या." बाईला वाटतं, दोष आपल्याच केसांत आहे. ती लहानपणापासून हेच ऐकत आलेली असते. शाळेत मुली झिपरी म्हणतात, घरी आजी वाटीभर तेल थापून केस चापून बसवते. त्यातून रंग सावळा असला तर विचारूच नकोस, लग्नाचं वय झालं की मावशी-आत्या सगळ्या मिळून केस सरळ करायच्या मागे लागतात. मग पैसे मोजून पार्लरच्या खुर्चीत बसल्यावरही तिने तेच ऐकायचं का? मला याचा मनापासून राग येतो, म्हणून आज जरा सविस्तर बोलते तुझ्याशी.

आधी एक मनातून काढून टाक. तुला कुरळे केस जमत नाहीत, कारण ते तुला कुणी शिकवलेच नाहीत. आठव तुझा क्लास. डमीचे केस कसे होते? सरळसोट. यू कट, स्टेप कट, लेयर, सगळं त्याच डमीवर. मॉडेल म्हणून ज्या मैत्रिणी आणल्या, त्यांनाही सरांनी आधी ब्लो ड्राय करायला लावलं. आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स घे, की पाइपलाइन रोडवरचा तीन महिन्यांचा खासगी क्लास घे, हात बसतो तो सरळ केसांवर. कुरळ्या केसांची गाठ पडते ती थेट कामावर, तीही समोर आरशात बाई बघत असताना. मग घाबरणार नाही तर काय?

आणि हे काही आपल्या नगरच्या सावेडीतच आहे असं नाही. लंडन-न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकन वंशाच्या लाखो बायका राहतात, तरी तिथल्या साध्या सलूनमध्येही "तुमच्यासारखे केस आम्ही करत नाही" हे उत्तर त्यांना वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. ब्रिटनमध्ये केशकलेच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय मानकं 2021 मध्ये बदलली आणि आफ्रो केसांचं काम मुख्य शिक्षणात आलं. तोवर ते बाजूला ठेवलेलं होतं, ज्याला हवं त्याने वेगळं शिकावं. न्यूयॉर्क राज्यात तर 2023 च्या नोव्हेंबरात कायदाच झाला, की कॉस्मेटॉलॉजीच्या शाळांनी सगळ्या पोतांचे केस शिकवलेच पाहिजेत. म्हणजे तुझ्या पोटात गोळा येतो तसाच तिथल्या शिकलेल्या, परवानाधारक हातांनाही कापरं भरत होतं. फरक इतकाच, की तिथल्या बायकांनी गप्प बसायचं नाही असं ठरवलं.

त्यांच्यात एक बाई मला फार आवडते. मॅडम सी. जे. वॉकर. खरं नाव सारा ब्रीडलव्ह, जन्म 1867 चा, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. लोकांचे कपडे धुऊन तिने पोट भरलं, पुढे केसांची औषधं आणि तेलं करून विकायला लागली आणि 1908 मध्ये पिट्सबर्गला काळ्या बायकांना केसांचं काम शिकवायला तिने शाळा काढली. मुलीच्या नावावरून शाळेचं नाव लेलिया कॉलेज. तिच्या पद्धतीत गरम फणीही होती, त्यावरून वाद झाले, ते खरंच आहे. पण धुणीभांडी सोडून दुसरं काम मिळत नव्हतं अशा बायकांच्या हातात तिने स्वतःचा धंदा दिला. आपण पार्लरवाल्या बायका जे करतो, त्याचं मोल कळायला ही बाई माहीत असावी असं मला वाटतं.

तू म्हणशील, ताई, सावेडीत कोण आफ्रिकन येणार? क्वचितच येईल, खरंय. पण पुणं काय लांब आहे? तिथे विद्यापीठात, कॉलेजांत आफ्रिकेतून आलेल्या कितीतरी मुली शिकतात आणि उद्या तू पुण्याला नोकरी धरलीस तर त्यातली एखादी तुझ्या खुर्चीत बसेल. खाली कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी लोक आहेत. पूर्वज आफ्रिकेतले, घरात कोकणी बोलतात, त्यात मराठी-कन्नड मिसळलेलं. मुरुड-जंजिऱ्यावर तर 1948 पर्यंत सिद्दींचं राज्य होतं. आणि आपल्या नगरचं काय? निजामशाहीचा कारभार ज्याने पेलला, मोगलांना ज्याने वर्षानुवर्षं दमवलं, तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याला ज्याने विकत घेतलं तो निजामशाहीचा वजीर चंगीझखानही हबशीच. मलिक अंबर 1626 मध्ये गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. तू रोज भिस्तबाग महालावरून स्कूटी दामटत कामाला जातेस ना, तो त्याच निजामशाहीच्या काळातला. तेव्हा असले केस आपल्या मातीने कधी पाहिलेच नाहीत, असं कुणी म्हणू नये.

शिवाय आपल्या घरांत काय कमी कुरळे केस आहेत? लाटेसारखे, स्प्रिंगसारखे, अगदी बारीक वळ्यांचे, सगळे आहेत. फक्त ते पिन, तेल आणि अंबाड्याखाली दडपलेले असतात. ते आधी नीट शिकून घे. बाईच्या वळ्या सैल असोत की आफ्रो केसांसारख्या अगदी घट्ट, मूळ विद्या तीच. वळी जितकी घट्ट, तितका जास्त वेळ, तितकं जास्त पाणी आणि तितका हलका हात.

आता कारण समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. सरळ केसाचं मूळ त्वचेखाली सरळ असतं, कुरळ्याचं बाकदार असतं. म्हणून केस बाहेर येतानाच वळत येतो. टाळूला सुटणारं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळणाला अडायला होतं, म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी. प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा. वरचा पापुद्रा तिथे उचलला जातो, फणी तिथे अडकते आणि केस तिथेच तुटतो. बाई म्हणते, माझे केस वाढतच नाहीत. अगं, वाढतात, पण रोज कोरड्या केसांत बारीक फणी घालून ती ते तोडत असते.

म्हणून पहिली गोष्ट, कोरड्या कुरळ्या केसांत फणी घालायची नाही. स्प्रे बॉटलने चांगले ओले कर, कंडिशनर भरपूर लाव, इतका की केस हाताला गुळगुळीत लागले पाहिजेत. मग चार भाग कर, फार दाट असतील तर सहा-आठ, प्रत्येक भागाला क्लिप लाव आणि एका वेळी एकच भाग सोड. आधी बोटं. बोटांना गाठ कळते, फणीला कळत नाही. गाठ लागली की तिच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धर, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जाणार नाही. सुरुवात टोकापासून. टोकाची दोन-तीन बोटं मोकळी झाली की थोडं वर, मग आणखी वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. फणी रुंद दातांचीच. बाईने डोळे मिटलेत, खांदे सैल सोडलेत, म्हणजे तुझा हात बरोबर चाललाय असं समज. तिने खुर्चीचा दांडा धरला असेल तर थांब, आणखी पाणी घाल.

आपल्याकडच्या पाण्याचं भान ठेव. मुळा धरणाचं नळाचं पाणी ठीक असतं, पण तपोवन रोडच्या बाजूच्या नव्या सोसायट्यांत ज्यांचं बोअरवर चालतं, त्यांच्या नळांवर पांढरे थर बसलेले बघ. तोच क्षार केसांवर बसतो, मग शाम्पूला फेस येत नाही आणि बाई आणखी शाम्पू ओतते. बाईला विचार, घरी पाणी कुठलं. बोअरचं असेल तर क्षार काढणारा शाम्पू महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी वापर म्हणावं, एरवी सौम्य, आणि शेवटचं पाणी जमलं तर पिण्याचं घे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, महागड्या स्पाची गरज पडत नाही.

कापण्याचं सांगते. ओले कुरळे केस ताणले की हातभर दिसतात, वाळले की आखडून वर जातात. घट्ट आफ्रो केस ताणून खांद्यापर्यंत आले तरी सोडल्यावर कानापाशी येऊन बसतात. तू ओल्या केसांवर सरळ रेघ मारून दोन इंच कापलेस, की वाळल्यावर बाईला चार इंच गेल्यासारखे वाटणार आणि ती रडत घरी जाणार. म्हणून कोरडे असताना, वळ्या मोकळ्या सोडून, त्या जशा पडतात तसं बघून काप. एकेक बट हातात घे, तिचं वळण कुठे संपतं ते बघ आणि तिथे कात्री लाव. डावी बाजू उजवीसारखी नसणारच, मागचे केस पुढच्यांपेक्षा वेगळे वळतात. टेप लावून दोन्ही बाजू सारख्या करायच्या भानगडीत पडू नकोस, आरशात आकार बघ. थिनिंगची कात्री तर आवरूनच ठेव. दाट केस कमी करायला म्हणून ती फिरवतात आणि महिन्याभरात आतून आखूड केस उभे राहून डोकं पिंजारल्यासारखं दिसतं.

वाळवताना टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुनी सुती ओढणी किंवा मऊ टी-शर्ट घे आणि केस खालून वर ओंजळीत धरून दाब. लीव्ह-इन आणि जेल केस ओले असतानाच लावायचं. जेल विकतचं परवडत नसेल तर जवस घे. चटणीला आणतो तेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळ, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळ, गार झाल्यावर ते गाळता येत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मग डिफ्यूजर लावून, मंद गरम हवेवर, केसांना हात न लावता वाळव. वाळल्यावर वर कडक पापुद्रा येईल, घाबरू नको. हातावर दोन थेंब तेल घेऊन वळ्या हलक्या चुरल्या की तो जातो. पहिल्यांदा हे झालं की बाई आरशाकडे कशी बघते, ते बघच तू. कितीदा तरी बाया मला म्हणाल्यात, "अहो ताई, माझे केस असे आहेत हे मला माहीतच नव्हतं."

वेण्यांचं आणखी वेगळं. आफ्रिकेतल्या मुली बारीक बारीक वेण्या घालून घेतात, काही डोक्याला चिकटून, काहींत जोडीचे केस गुंफून. आपल्याकडच्या पार्लरात जमत नाही म्हणून बऱ्याच जणी एकमेकींच्याच घालतात, त्यात सबंध दिवस जातो. ते शिकायचं असेल तर त्यांच्यापैकीच कुणाकडून, रीतसर पैसे देऊन शीक. मोबाइलवर पाहून थेट गिऱ्हाइकावर प्रयोग करू नकोस. एक खूण मात्र आत्ताच लक्षात ठेव. वेणी घालून झाली की बाईला भुवया वर करायला सांग. कपाळाची कातडी ओढली गेली, मुळाशी बारीक पांढरे फोड दिसले, तर वेणी घट्ट झाली, लगेच सैल कर. सततच्या ओढीने कानशिलावरचे केस जातात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर परत येत नाहीत. आपल्या शाळेतल्या लाल रिबिनीच्या घट्ट वेण्या आठव. त्यांनीही कितीतरी पोरींचं कपाळ मागे गेलंय, कुणी कधी बोललं नाही.

आता स्मूदनिंग. तू म्हणशील, मालकीणबाई सांगतात करायला, कमाई त्यातच आहे. मला माहीत आहे. बाईला स्वतःला सरळ केस आवडत असतील, पूर्ण माहिती घेऊन ती मागत असेल, तर करून दे, डोकं तिचं आहे. पण आपल्याला कुरळे जमत नाहीत म्हणून तिला तिकडे ढकलणं मला पटत नाही. रिबाँडिंगमध्ये केसाच्या आतले बंध रसायनाने तोडून केस सरळ असताना पुन्हा जोडतात. पण मूळ बाकदारच राहतं, म्हणून सहा महिन्यांत वर कुरळे, खाली सरळ, आणि दोघांच्या सांध्यावर केस तुटतात. मग पुन्हा टचअप. हे चक्र एकदा सुरू झालं की बाईला आपले मूळचे केस बघायला मिळत नाहीत.

आणि तुझ्या जिवाचं बोलते. केराटिनच्या नावाखाली येणाऱ्या काही बाटल्यांतून इस्त्री लावली की फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलंय. बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइड फ्री' लिहिलेलं असतं तेव्हा आत पुष्कळदा ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं आणि त्यामुळे एका तरुणीच्या मूत्रपिंडाला पुन्हा पुन्हा इजा झाल्याचं 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टरांनी मांडलंय. अमेरिकेत 33,497 बायकांच्या पाहणीतून 2022 मध्ये असं दिसलं, की वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 4.05 टक्के, अजिबात न वापरणाऱ्यांत 1.64 टक्के. यावरून रसायनानेच कर्करोग झाला असं सिद्ध होत नाही, पण डोळेझाक करावी असंही नाही. गिऱ्हाईक वर्षातून एकदा त्या धुरात बसतं. तू रोज बसतेस, छोट्याशा केबिनमध्ये, दार लावून, एसी लावून. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, ते ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नकोस. खिडकी उघड, एक्झॉस्ट लावायला सांग, बाटलीवरचं वाचल्याशिवाय ती केसांना लावू नकोस. आणि पोटात बाळ असेल तर सरळ नाही म्हण.

नाही म्हणणं आपल्या धंद्यात नवीन नाही गं. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं म्हणाले. हातावर पोट असलेली माणसं होती ती, तरी म्हणाली. ज्या कामाने समोरच्या बाईचं नुकसान होतं ते काम नाकारायचा मान त्यांनी या धंद्याला मिळवून दिलाय.

पैशाचंही स्पष्ट बोल. कुरळ्या केसांना वेळ जास्त लागतो, तेव्हा पैसे जास्त घ्यायला लाजू नकोस, पण काम सुरू करायच्या आधी सांग. "तुमच्या केसांना दीड तास लागेल, त्याचे इतके होतील," इतकंच. "तुमचे केस अवघड आहेत, म्हणून जास्त," असं कधीही नको. आणि तिच्या परवानगीशिवाय केसांत हात घालून "अय्या, किती मस्त स्प्रिंग!" असं करू नकोस. आफ्रिकन मुलींना तर रस्त्यात, बसमध्ये अनोळखी माणसं येऊन केसांना हात लावतात, त्या अगदी वैतागलेल्या असतात. आधी विचार, मग हात लाव. केस कसे धुतेस, रात्री कसे बांधतेस, तुला ते कसे आवडतात, हे तिलाच विचार. इतकी वर्षं ते केस तिनेच सांभाळलेत, त्यांच्याबद्दल तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं.

लग्नसराई येते आहे. प्रत्येक कुरळ्या नवरीला आधी इस्त्री करायची, मग त्याच सरळ केसांना टाँगने वळ्या पाडायच्या, हा जो प्रकार आपण करतो ना, तो तरी या वेळी बंद कर. तिच्याच वळ्या नीट बसवून अंबाडा बांध, त्यावर गजरा माळ. फोटोत तो किती सुंदर दिसतो ते तिच्या आईला आधी ट्रायल घेऊन दाखव. आईची समजूत पटली की अर्धं काम झालं.

आणि क्लास चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही माझं हेच सांगणं आहे, तुझ्या मार्फत सांगते. वर्गात एक तरी डमी कुरळ्या केसांची आणा, महाग पडली तरी आणा. परीक्षेच्या दिवशी एक तरी मॉडेल कुरळ्या केसांची बसवा आणि तिचे केस सरळ न करता ते धुणं, गुंता काढणं, कापणं आणि वाळवणं यांचे मार्क द्या. हातात प्रमाणपत्र देताना या मुलीला सगळ्या केसांचं काम येतं असं आपण लिहून देतो, ते खरं असायला हवं.

तू मात्र क्लास सुधारायची वाट बघत बसू नकोस. पुढच्या सुट्टीला सकाळीच माझ्याकडे ये. माझ्या भाचीचे केस चांगले घट्ट कुरळे आहेत, ती बसायला तयार आहे आणि दुखलं तर तोंडावर सांगणारी आहे. रुंद दातांची फणी आणि सहा-आठ क्लिपा घेऊन ये, बाकी सगळं माझ्याकडे आहे.